झाडासारखा डेटा टेबलात ठेवताना: पेरेंट-आयडी सोडू नका, क्वेरी बदला

प्रश्न थोडक्यात असा: कॅटेगरींचं एक टेबल आहे. सुमारे ४० हजार ओळी, जास्तीत जास्त ९ पातळ्या, प्रत्येक ओळीत आयडी, नाव आणि पेरेंट-आयडी (लगेच वरच्या कॅटेगरीचा आयडी). एका कॅटेगरीखालचं सगळं काढायला ॲप्लिकेशनमधून लूप फिरतो, प्रत्येक नोडमागे (झाडातल्या प्रत्येक कॅटेगरीमागे) एक क्वेरी जाते आणि पान उघडेपर्यंत माणूस कंटाळतो. कुणीतरी सुचवलंय की सगळं नेस्टेड सेटमध्ये, म्हणजे प्रत्येक ओळीला लेफ्ट-राइट असे दोन आकडे देण्याच्या पद्धतीत, हलवा. हलवावं का?

नको. तुमच्या टेबलात काही चुकलेलं नाही, ते वाचायची पद्धत चुकली आहे. पेरेंट-आयडी ही मूळ नोंद म्हणून कायम ठेवा. पाथ, क्लोजर टेबल, लेफ्ट-राइट आकडे (तिन्हींची ओळख पुढे येते) हे सगळं त्या एका कॉलमवरून पुन्हा तयार करता येतं. म्हणून ते कॅशसारखं वागवायचं: लागलं तर ठेवायचं, बिघडलं तर पुसून नव्यानं बांधायचं. पेरेंट-आयडी काढून टाकून फक्त लेफ्ट-राइट ठेवले आणि ते एकदा विस्कटले, की मूळ झाड कसं होतं हे सांगणारं काहीच उरत नाही.

पुढे सगळीकडे हे पाच नोडचं झाड वापरतो:

१ इलेक्ट्रॉनिक्स (पेरेंट नल, म्हणजे रिकामा)
४ मोबाइल (पेरेंट १)
९ कव्हर (पेरेंट ४)
१७ चार्जर (पेरेंट ४)
४२ कॅमेरे (पेरेंट १)

आधी रिकर्सिव्ह क्वेरी नीट लिहा

रिकर्सिव्ह सीटीई, म्हणजे विथ रिकर्सिव्ह, स्वतःच्याच निकालावर पुन्हा पुन्हा चालणारी क्वेरी, एसक्यूएलच्या १९९९ च्या मानकापासून आहे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये २००५ पासून, पोस्टग्रेसमध्ये ८.४ पासून, एसक्यूलाइटमध्ये ३.८.३ पासून, मारियाडीबीमध्ये १०.२ पासून आणि मायएसक्यूएलमध्ये ८.० पासून ती मिळते. ओरॅकलमध्ये त्याच्या कितीतरी आधीपासून याच कामासाठी कनेक्ट बाय होतं. मायएसक्यूएल ५.७ वर कुणी अडकलं असेल तर त्याची अडचण खरी, बाकीच्यांनी लूप लिहायचं कारण नाही.

क्वेरीचे दोन भाग. पहिल्या भागात सुरुवातीची ओळ निवडायची, म्हणजे आयडी ४ आणि सोबत खोली शून्य. मग युनियन ऑल, म्हणजे दोन्ही भागांच्या ओळी दुबार न पुसता एकत्र. दुसऱ्या भागात कॅटेगरी टेबल सीटीईशी जोडायचं, अट अशी की कॅटेगरीचा पेरेंट-आयडी सीटीईतल्या आयडीइतका हवा, आणि खोली एकनं वाढवायची. डेटाबेस दुसरा भाग पुन्हा पुन्हा चालवतो, पण दर फेरीला फक्त मागच्या फेरीत आलेल्या ओळी वापरतो. आयडी ४ पासून निघालो तर पहिल्या फेरीत ९ आणि १७ येतात, दुसरीत काहीच येत नाही आणि काम थांबतं. म्हणजे फेऱ्यांची संख्या झाडाच्या खोलीवर ठरते, नोडच्या संख्येवर नाही. ९ पातळ्यांच्या झाडात मुळापासून निघालात तरी जेमतेम ९ फेऱ्या.

उलट दिशेनं, म्हणजे ब्रेडक्रंबसाठी (पानावरची 'इलेक्ट्रॉनिक्स > मोबाइल' अशी वाट) पूर्वज काढायचे तर जोडणीची अट उलटवायची: कॅटेगरीचा आयडी सीटीईतल्या पेरेंट-आयडीइतका. यात प्रायमरी कीवरचे फार तर आठ-नऊ शोध, वेळ जवळपास शून्य.

आता हे संथ का पडतं ते. पहिला संशयित म्हणजे पेरेंट-आयडीवर इंडेक्स (ओळी चटकन शोधायची सूची) नसणं. मायएसक्यूएलचं साठवणीचं इंजिन इनोडीबी, फॉरेन की (पेरेंट-आयडी खऱ्या ओळीचाच हवा हा नियम) बनवताना इंडेक्स स्वतःच टाकतं. पोस्टग्रेस आणि एसक्यूएल सर्व्हर टाकत नाहीत. इंडेक्स नसेल तर प्रत्येक फेरीत अख्खं टेबल वाचलं जातं. शिवाय एखादी ओळ काढताना तिला मुलं आहेत का हे तपासण्यासाठीही पूर्ण टेबल चाळावं लागतं, आणि मग एक साधं डिलीट इतका वेळ का घेतंय हे कुणालाच कळत नाही.

दुसरा संशयित जास्त फसवा. सीटीईच्या पहिल्या भागात 'पेरेंट नल आहे' लिहून अख्खं झाड उलगडायचं आणि बाहेरच्या सिलेक्टमध्ये 'आता फक्त आयडी ४ खालचे द्या' अशी अट घालायची. उत्तर बरोबर येतं, पण बाहेरची अट रिकर्सिव्ह सीटीईच्या आत ढकलली जात नाही. ४० हजार नोड आधी उलगडतात आणि नंतर तीन ठेवून बाकीचे टाकले जातात. अशी क्वेरी व्ह्यूमध्ये (नाव देऊन साठवलेल्या क्वेरीत) लपवली असेल तर चूक दिसतही नाही. सुरुवातीची अट नेहमी पहिल्या भागातच हवी. व्ह्यूऐवजी आयडी घेणारं फंक्शन करा.

तिसरी गोष्ट वेगाची नाही, टाइपची. झाडाच्या क्रमानं दाखवायला पाथ जोडत न्यायचा असतो. मायएसक्यूएल त्या कॉलमची लांबी पहिल्या भागावरून ठरवतं. तिथे एक अंकी आयडी असेल तर कॉलम तेवढाच रुंद होतो, आणि दुसऱ्या फेरीत 'डेटा टू लाँग' येतं. स्ट्रिक्ट मोड बंद असेल तर पाथ गुपचूप कापला जातो, जे जास्त वाईट. पहिल्याच भागात कास्ट करून (टाइप बदलून) रुंदी द्या, हजार कॅरेक्टर वगैरे. पोस्टग्रेसमध्ये टेक्स्टमध्ये कास्ट करा किंवा सरळ आयडींचा अ‍ॅरे वापरा. अ‍ॅरेचा आणखी फायदा असा की १० हा २ च्या आधी लागत नाही. स्ट्रिंगमध्ये तो लागतो, मग शून्यं लावून रुंदी सारखी करावी लागते.

आणि चक्र. कुठल्याशा चुकीनं ४ चा पेरेंट ९ झाला, तर आयडी ४ पासून निघालेली क्वेरी फिरतच राहते. एसक्यूएल सर्व्हर १०० फेऱ्यांनंतर एरर देऊन थांबतं, मायएसक्यूएल १००० नंतर. पोस्टग्रेसमध्ये अशी मर्यादाच नाही. ते तात्पुरत्या फाइली लिहीत राहतं, म्हणून तिथे स्टेटमेंट टाइमआउट लावलेला बरा. पोस्टग्रेस १४ पासून सायकल हे कलम आहे, जुन्या आवृत्तीत भेट दिलेल्या आयडींचा अ‍ॅरे बाळगून तपासायचं. 'युनियन ऑलऐवजी युनियन लिहा, चक्र थांबतं' हा सल्ला फिरत असतो. तो अर्धाच खरा आहे: सीटीईत खोली किंवा पाथ असा कॉलम असेल तर प्रत्येक फेरीतली ओळ वेगळीच दिसते, युनियनला काही पुसता येत नाही आणि क्वेरी तशीच फिरते.

एवढं नीट केलं की ४० हजार ओळींच्या टेबलात एखादी फांदी काढणं हे काही मिलिसेकंदांचं काम असतं. किंबहुना झाड काही हजार नोडचं असेल आणि बहुतेक सगळं दाखवायचंच असेल, तर रिकर्शनही नको. एका साध्या सिलेक्टनं सगळ्या ओळी आणा, आयडीवरून हॅश मॅप बनवा, दुसऱ्या फेरीत प्रत्येकाला त्याच्या पेरेंटच्या यादीत टाका. काम तिथेच मिटतं.

मग क्लोजर टेबल कधी?

जेव्हा प्रश्न एका फांदीचा नसतो, सगळ्याच नोडचा असतो. ठरलेलं उदाहरण: प्रत्येक कॅटेगरीसमोर तिच्याखालच्या सगळ्या पातळ्या धरून किती वस्तू आहेत तो आकडा. रिकर्सिव्ह सीटीईनं हे जमतं; पहिल्या भागात सगळे नोड घ्यायचे आणि प्रत्येकाचा आयडी 'मूळ' म्हणून खाली वाहत न्यायचा. पण मग बाहेर पडतात त्या प्रत्येक पूर्वज-वंशज जोडीच्या ओळी. ४० हजार नोड आणि स्वतःला धरून सरासरी पाच पातळ्या म्हटलं तर दोन लाख ओळी, दर वेळी नव्यानं. क्लोजर टेबल म्हणजे याच दोन लाख ओळी लिहून ठेवणं, दुसरं काही नाही.

तीन कॉलम: पूर्वज, वंशज, अंतर. प्रत्येक नोडची स्वतःशी अंतर शून्य असलेली ओळही हवी. ती विसरली तर ज्या वस्तू थेट त्या कॅटेगरीत आहेत त्या मोजणीतून गळतात. आपल्या पाच नोडच्या अशा ११ ओळी होतात: १ ची एक, ४ आणि ४२ च्या दोन-दोन, ९ आणि १७ च्या तीन-तीन. प्रायमरी की पूर्वज आणि वंशज मिळून, दुसरा इंडेक्स वंशजावर. मोजणी मग साधा जॉइन आणि पूर्वजावर ग्रुप बाय.

ओळी किती होतील हे झाडाच्या आकारावर आहे, त्याचा अंदाज आधी घ्या. रुंद, उथळ झाडात नोडच्या पाच-सात पट. पण एकाखाली एक अशी हजार नोडची साखळी असेल तर ५ लाख ५०० ओळी. उत्तराला उत्तर अशा चर्चांमध्ये साखळ्या लांबतात, तिथे क्लोजर जपून.

नवा नोड घालणं सोपं: पेरेंट जिथे वंशज आहे त्या सगळ्या ओळी घ्यायच्या, वंशजाच्या जागी नवा आयडी, अंतर अधिक एक, आणि वर स्वतःची शून्याची ओळ. चुका होतात त्या हलवताना. समजा मोबाइलची फांदी कॅमेऱ्यांखाली न्यायची आहे. फांदीत ४, ९ आणि १७.

पहिली पायरी, जुने दुवे तोडायचे: वंशज फांदीतला आहे पण पूर्वज फांदीबाहेरचा, अशा ओळी काढा. इथे १–४, १–९ आणि १–१७ या तीन जातात. ४–९ सारख्या फांदीतल्या आतल्या ओळींना हात लावायचा नाही.

दुसरी पायरी, नवे दुवे: नव्या पेरेंटचे सगळे पूर्वज, स्वतः धरून, म्हणजे ४२ (अंतर ०) आणि १ (अंतर १), यांचा फांदीतल्या तिन्ही नोडशी क्रॉस जॉइन. सहा ओळी येतात. अंतर म्हणजे पूर्वजाकडचं अंतर, अधिक फांदीतलं अंतर, अधिक एक. १ पासून ९ चं: १ अधिक १ अधिक १, तीन. एकूण ओळी ११ वजा ३ अधिक ६, म्हणजे १४.

क्रम उलटा केला तर १–४ ही ओळ आधीच असल्यामुळे प्रायमरी की अडवते, आणि ती अडवते हे चांगलंच. प्रायमरी की ठेवलीच नसेल तर १–४ दोनदा बसतं, दोन वेगळ्या अंतरांनी, आणि सगळ्या मोजण्या फुगतात. मायएसक्यूएलमध्ये आणखी एक अडथळा येतो: ज्या टेबलातून काढायचं तेच टेबल सबक्वेरीत वाचता येत नाही, एरर १०९३. डिलीट जॉइनच्या रूपात लिहा. दोन्ही पायऱ्या आणि पेरेंट-आयडीचा बदल एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, हे वेगळं सांगायला नको.

पाथ: स्वस्त, पण कडेला काटे

दुसरा मार्ग म्हणजे प्रत्येक ओळीत पूर्ण पाथ लिहिणं: कव्हरचा १/४/९/, कॅमेऱ्यांचा १/४२/. फांदी काढायला प्रीफिक्सवर (पाथच्या सुरुवातीच्या तुकड्यावर) लाइक. वाचायला सोपा, डीबग करायला त्याहून सोपा, आणि जिथे हलवाहलव कमी तिथे मला क्लोजरपेक्षा हाच आवडतो.

शेवटचा स्लॅश विसरू नका. '१/४' नं सुरू होणारे सगळे मागितले तर कॅमेरेही येतात, कारण ४२ ची सुरुवातही ४ नं होते. पाच नोडमध्ये हे लगेच दिसतं, ४० हजारांत कुणाच्या तरी रिपोर्टमध्ये सापडतं. पाथमध्ये नावं घालू नका. नाव बदललं की अख्खी फांदी पुन्हा लिहावी लागते, आणि नावात अंडरस्कोअर असेल तर लाइक त्याला 'कुठलंही एक अक्षर' समजतं.

पोस्टग्रेसमध्ये डेटाबेसचं कोलेशन (अक्षरांचा क्रम ठरवणारा नियम) 'सी' नसेल तर साधा बी-ट्री इंडेक्स लाइकसाठी वापरला जात नाही. इंडेक्स बनवताना टेक्स्ट पॅटर्न ऑप्स हा ऑपरेटर क्लास द्या किंवा तो कॉलमच सी कोलेशनचा ठेवा. तरीही पॅटर्न दुसऱ्या टेबलाच्या कॉलमवरून जॉइनमध्ये बनत असेल तर इंडेक्स लागत नाही. तिथे लाइक सोडून रेंज लिहा: पाथ '१/४/' पेक्षा मोठा किंवा तितकाच, आणि '१/४०' पेक्षा लहान. अ‍ॅस्कीत स्लॅश ४७ वा आणि शून्य ४८ वा, म्हणून शेवटचा स्लॅश शून्यानं बदलला की प्रीफिक्सची वरची हद्द मिळते. हे फक्त सी किंवा बायनरी कोलेशनमध्येच खरं आहे. मायएसक्यूएलमध्ये पाथचा कॉलम अ‍ॅस्की कॅरेक्टर सेटचा करा. यूटीएफ-८ एमबी-४ मध्ये इनोडीबीच्या ३०७२ बाइटच्या इंडेक्स मर्यादेत ७६८ कॅरेक्टरच मावतात.

पोस्टग्रेसवाल्यांना एलट्री हे एक्स्टेन्शन आहे, जिस्ट इंडेक्ससह. विभाजक टिंब, लेबलात अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोअर. हायफन १६ व्या आवृत्तीपासून चालतो. आयडी म्हणून यूयूआयडी (हायफन असलेले लांब आयडी) असतील तर जुन्या आवृत्तीत हायफन काढून घ्यावे लागतात. एसक्यूएल सर्व्हरमध्ये २००८ पासून हायरार्की-आयडी हा टाइप आहे. तो आटोपशीर आहे, पण दोन नोडना एकच किंमत देण्यापासून किंवा पेरेंट नसलेली किंमत ठेवण्यापासून तो स्वतःहून अडवत नाही. युनिक इंडेक्स तुम्हीच लावायचा.

नेस्टेड सेटबद्दल, विचारलंय म्हणून

झाडाभोवती फेरी मारत आकडे टाकायचे: इलेक्ट्रॉनिक्स १ ते १०, मोबाइल २ ते ७, कव्हर ३–४, चार्जर ५–६, कॅमेरे ८–९. मोबाइलखालचे सगळे म्हणजे ज्यांचा लेफ्ट २ आणि ७ च्या मध्ये. किती आहेत हे मोजावंही लागत नाही: ७ वजा २ वजा १, भागिले दोन, उत्तर दोन. देखणी कल्पना आहे, आणि मायएसक्यूएलमध्ये रिकर्शन नव्हतं तेव्हा तिचा खरंच उपयोग होता.

आता मोबाइलखाली एक नोड वाढवा. त्याला ७–८ मिळतात, मोबाइलचा राइट ९ होतो, कॅमेरे १०–११ आणि इलेक्ट्रॉनिक्सचा राइट १२. पाचपैकी तीन ओळी बदलल्या. ४० हजारांत झाडाच्या मध्यावर कुठेतरी एक नोड घातला तर साधारण निम्म्या ओळी लिहाव्या लागतात, आणि तेवढा वेळ त्या लॉक राहतात. दोन जणांनी एकाच वेळी घातले आणि टेबल लॉक केलं नसेल तर आकडे एकमेकांत घुसतात. रात्रीतून एकदाच बदलणारं, दिवसभर फक्त वाचलं जाणारं झाड असेल तरच याचा विचार करा. तुमचं तसं नाही.

कुठलीही पद्धत घेतली तरी

हलवण्याआधी तपासा की नवा पेरेंट त्याच फांदीतला तर नाही. पण नुसती तपासणी पुरत नाही. एक जण मोबाइल कॅमेऱ्यांखाली नेतो, त्याच क्षणी दुसरा कॅमेरे मोबाइलखाली. दोघांची तपासणी जुन्या झाडावर होते, दोन्ही बरोबर ठरतात, आणि बदललेल्या ओळीही वेगवेगळ्या. फॉरेन की पेरेंट अस्तित्वात आहे का एवढंच बघते, चक्राशी तिला देणंघेणं नाही. झाडाच्या मुळाची ओळ सिलेक्ट फॉर अपडेटनं आधी धरा, म्हणजे एका झाडात एका वेळी एकच हलवाहलव. किंवा सीरिअलायझेबल आयसोलेशन (जणू सगळे बदल एकामागोमाग एक झाले) लावा आणि अपयश आलं तर पुन्हा प्रयत्न करा.

अशा चक्रात सापडलेले नोड मुळापासून तुटतात, त्यामुळे मुळापासूनची क्वेरी कधी अडकतच नाही. ते स्क्रीनवरून नुसते नाहीसे होतात. शोधायचे तर मुळापासून किती नोडपर्यंत पोहोचता येतं ते मोजा आणि टेबलातल्या एकूण ओळींशी ताडा. फरक आला तर तेवढे नोड चक्रात किंवा चक्राखाली आहेत. ही तपासणी रोज रात्री चालवायला काहीच हरकत नाही.

नलचे दोन नेहमीचे सापळे. एकाच पेरेंटखाली नाव दुबार नको म्हणून पेरेंट-आयडी आणि नाव यांवर युनिक लावता, पण मुळांचा पेरेंट नल असतो आणि पोस्टग्रेस, मायएसक्यूएल नलना एकमेकांपासून वेगळं मानतात. दोन 'इलेक्ट्रॉनिक्स' आरामात बसतात. पोस्टग्रेस १५ मध्ये नल्स नॉट डिस्टिंक्ट लिहा, आधीच्यात मुळांपुरता वेगळा पार्शल युनिक इंडेक्स. दुसरा: ज्यांना मुलं नाहीत असे नोड काढायला 'आयडी, पेरेंट-आयडींच्या यादीत नॉट इन' लिहिलं तर एकही ओळ येत नाही, कारण यादीत एक नल आहे. नॉट एक्झिस्ट्स वापरा.

डिलीट कॅस्केड (पेरेंट काढला की मुलंही आपोआप काढणं) झाडावर लावू नका असं माझं मत आहे. मुळावरचं एक चुकीचं डिलीट सगळं घेऊन जातं. तसंही एसक्यूएल सर्व्हर स्वतःकडेच निर्देश करणाऱ्या कीवर कॅस्केड नाकारतं आणि इनोडीबी १५ पातळ्यांपुढे जात नाही.

हे सगळं एका नोडला एकच पेरेंट असेल तेव्हाचं. यंत्राच्या सुट्या भागांच्या यादीत तोच बोल्ट तीन जोडण्यांत असतो, तिथे पेरेंट-आयडी कॉलम पुरत नाही. पेरेंट, मूल आणि नग असं वेगळं टेबल लागतं. रिकर्सिव्ह क्वेरी तशीच, फक्त प्रत्येक पायरीवर नगांचा गुणाकार करत जायचं आणि शेवटी भागानुसार बेरीज. चाकाच्या जोडणीत ४ बोल्ट, गाडीला २ चाकं, म्हणजे ८. दुसऱ्या वाटेनं चौकटीतही तेच ८. इथे युनियन लिहिलं तर दोन्ही ओळी हुबेहूब सारख्या दिसतात, एक पुसली जाते आणि १६ ऐवजी ८ बोल्ट मागवले जातात. या क्वेरीत युनियन ऑलच हवं.